'आईबापास सोडून' म्हणजे नक्की कोणी सोडायचं?

केळीची_बाग

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वसईची, कॅथलिक. जानेवारीत लग्न आहे. तो नगरचा, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतला, नोकरी पुण्यात. म्हणजे आमच्या चर्चच्या भाषेत 'मिश्र विवाह'. बिशपांची परवानगी, अर्ज, सह्या, मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं माझं वचन, हे सगळं आलं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. गेल्या शनिवार-रविवारी आमचं विवाहपूर्व शिबिर झालं. वीस-बावीस जोडपी होती. एका डॉक्टरबाईंनी छान सांगितलं, एका जोडप्याने पैशांच्या भांडणांवर त्याहून छान सांगितलं. मग फादरांनी बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचला: "यास्तव पुरुष आपल्या आईबापास सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील, ती दोघे एकदेह होतील." हे वचन लहानपणापासून प्रत्येक लग्नात ऐकलंय. त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं. मी हात वर केला. म्हटलं, फादर, इथे पुरुषाने सोडायचं लिहिलंय. मग घर सोडून मी का निघालेय?

अख्खा हॉल हसला. फादरही हसले. "मनाने सोडायचं असतं, बाळा," म्हणाले आणि चहाची सुट्टी झाली.

आमचं घोडं अडलंय ते असं. त्याचे वडील नाहीत. आई निवृत्त नर्स, नगरला एकट्या असतात. पुण्यात वन बीएचके आहे. लग्नानंतर त्या आमच्याकडेच राहतील असं त्याने गृहीतच धरलंय. बाई चांगल्या आहेत, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण गेले आठ महिने पडद्याच्या रंगापासून हॉलच्या डेकोरेशनपर्यंत "आईला विचारून सांगतो" हेच ऐकतेय. मी काही बोलले की तो मलाच आज्ञा ऐकवतो, आपल्या आईबापाचा मान राख.

मला उत्तर श्रद्धेच्या अंगाने हवंय. 'ॲडजस्ट कर' नको, ते आई रोज सांगते.

नगरी_मास्तर

जय ख्रिस्त. आमच्या नगरची सून होणार म्हणून पहिला अभिप्राय माझा.

मुली, तुझा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरुणपणी यवतमाळच्या सेमिनरीत दोन वर्षं काढली, मग मास्तरकी धरली, त्यामुळे हिब्रूचा पंडित नाही. पण जे आठवतं ते सांगतो.

'सोडून' याला मूळ क्रियापद आहे 'आझाव'. हे मऊ क्रियापद नाही. बाविसाव्या स्तोत्रात "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असा आक्रोश आहे ना, जो आपल्या प्रभूने क्रूसावर उच्चारला, तिथेही हेच क्रियापद. आणि गंमत अशी की त्या काळच्या इस्राएलातही नवरी नवऱ्याच्या बापाच्या घरीच जायची, अगदी आपल्यासारखी. म्हणजे हे वचन तेव्हाच्या रीतीचं वर्णन नाहीच. रीत एक आणि वचन दुसरंच सांगतंय, ते ऐकणाऱ्यांना तेव्हाही खटकलं असणार.

आता तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची बाजू. आईबापाचा मान ही आमची पाचवी आज्ञा (तुम्ही कॅथलिक तिला चौथी मोजता, घोटाळा नको). 'हे देवाला वाहिलंय' अशी सबब सांगून आईबापाला पोसायचं टाळणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात चांगलं फैलावर घेतलंय. तेव्हा म्हातारीला वाऱ्यावर सोड असा अर्थ निघत नाही. पोसायचं आहेच. सोडायची आहे ती निर्णयाची जागा. पडद्याचा रंग कोण ठरवतं हा प्रश्न तुला क्षुल्लक वाटत असेल, मला वाटत नाही.

भोचक_भाट

आगंतुक प्रश्न. मी हिंदू आहे, आमच्यात कन्यादान असल्याने निदान कोण कुठे जातं यावर वाद नाही. :) पण तुमच्यात घटस्फोट नसतोच म्हणे? मग हे सगळं आधीच ठरवून घेतलेलं बरं.

आगाशीची_मावशी

केळीची बाग, तुझं नाव वाचूनच समजलं गावाकडची पोर आहेस. :) चोवीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. सासू सोळा वर्षं सोबत होत्या, आता नाहीत.

पहिली तीन वर्षं एकच चूल. मी मुंबईला नोकरीला, पहाटेची विरार लोकल. संध्याकाळी घरी आले की माझ्या डब्याचा हिशोब सासूबाई घ्यायच्या, पगाराचा हिशोब मिस्टर घ्यायचे, आणि ते तो हिशोब आईला द्यायचे. मी रडायचे, ते गप्प बसायचे. गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा असं त्यांना खरंच वाटायचं. मग एकदा उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रिट्रीट, म्हणजे ध्यानशिबिर, होतं. तिथे आलेल्या फादरांनी पुरुषांना एकच प्रश्न विचारला: घरात भांडण झाल्यावर तुम्ही कुठल्या खोलीत जाता? मिस्टर घरी येऊन अर्धा तास ओट्यावर बसून राहिले. त्या आठवड्यात त्यांनी पगाराचं पाकीट आईकडे देणं बंद केलं. आईला महिन्याचे ठरलेले पैसे द्यायला लागले, तेही माझ्या हाताने. सासूबाई तीन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात त्यांना पैशांची गरज लागली तेव्हा त्या थेट माझ्याकडे आल्या, आणि तिथून आमचं दोघींचं सुरू झालं. शेवटच्या आजारात त्यांना माझ्याच हातचं लागायचं.

म्हणून सांगते, वेगळं घर घेतलंस तरी ते पाकीट तिथेच जात असेल तर वेगळ्या घराचा उपयोग नाही. आणि एका घरात राहूनही ते पाकीट जागेवर आलं तर जमतं.

बाकी "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये" असं बायबलमध्ये प्रेषित पौल म्हणतो. आमच्याकडे सूर्य पुष्कळदा मावळला. कधी कधी दोनदोनदा. पण रोझरीला रात्री नऊला सगळे एकत्र बसायचो, आणि एकमेकांशी अबोला असला तरी 'नमो मरिया' आळीपाळीने म्हणावंच लागतं. अर्धी ओळ त्याची, अर्धी आपली. कित्येक भांडणं त्या दुसऱ्या अर्ध्यात विरघळली.

करारी_सेवक

वरील चर्चा वाचून खेद वाटला. पगाराचं पाकीट, पडदे! पवित्र शास्त्र स्पष्ट आहे. पौलाचं पत्र, इफिसकरांस ५:२२: "स्त्रियांनो, तुम्ही जसे प्रभूच्या अधीन तसे आपापल्या पतीच्या अधीन असा." पती हा पत्नीचे मस्तक आहे. आजच्या मुली लग्नाआधीच अटी घालतात, मग लग्न टिकणार कशी? आमच्या आयांनी प्रश्न विचारले नाहीत आणि त्यांची लग्नं टिकली.

भोचक_भाट

@करारी_सेवक, तुमच्या आयांना कोणी विचारलं होतं का?

नगरी_मास्तर

सेवकसाहेब, आपण बाविसाव्या वचनापासून सुरुवात केलीत. एकविसावं वाचा: "ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा." जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदसुद्धा नाही, 'अधीन असा' हे ते एकविसाव्यातून उसनं घेतं. म्हणजे ही दोन वाक्यं कात्रीने वेगळी केली तर दुसरं अपुरं राहतं. पौलाने बायकांसाठी तीन वचनं खर्ची घातली आणि नवऱ्यांसाठी त्याच्या जवळजवळ तिप्पट. नवऱ्यांना काय सांगितलं? ख्रिस्ताने मंडळीवर (म्हणजे चर्चवर) प्रीती केली तशी करा. ख्रिस्ताने मंडळीसाठी काय केलं ते आपण जाणता. जीव दिला. मस्तक व्हायचं असेल तर आधी काट्यांचा मुकुट आहे, हे प्रवचनात फारसं येत नाही.

आणखी एक. उत्पत्तीत हव्वेला 'अनुरूप साहाय्यक' म्हटलंय, त्यावरून ती हाताखालची असं पुष्कळजण समजतात. मूळ शब्द 'एझेर'. जुन्या करारात हा शब्द सर्वांत जास्त वेळा कोणासाठी येतो? खुद्द परमेश्वरासाठी. १२१ वं स्तोत्र आठवा, डोंगराकडे डोळे लावून म्हटलेलं, "मला साहाय्य परमेश्वराकडून येते", तिथे हाच शब्द. हाताखालच्या माणसाकडे कोणी डोंगराकडे डोळे लावून बघत नाही.

करारी_सेवक

मास्तर, आपण भाषेचे खेळ करता. मी माझ्या घरी हेच वचन पाळतो आणि माझं घर सुखी आहे.

आगाशीची_मावशी

सेवकभाऊ, रागावू नका हं, पण वहिनींना इथे सभासद करून घ्या, त्यांच्याकडूनही ऐकू.

अबोली_सात

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझं लग्न चर्चमध्ये झालं. नऊ वर्षं टिकलं असं लोक म्हणतील. पहिला मार लग्नाच्या चौथ्या महिन्यात बसला. कारण आठवत नाही, भाजीत मीठ असं काहीतरी. मी माहेरी गेले. मोठी माणसं बसली, आमच्या आणि त्यांच्या बाजूची. "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये" हे वाक्य त्या दिवशी मी किमान सहा वेळा ऐकलं. मला परत पाठवलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा एका बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, प्रत्येकीचा क्रूस असतो, आपला आपण उचलायचा. तिने ते प्रेमाने सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

चौथ्यांदा मी माहेरी गेले नाही, थेट पोलिसात गेले.

आज मी बरी आहे, मुलगा शिकतोय. रविवारी मिस्साला जाते, मागच्या बाकावर बसते. मला इथे एवढंच विचारायचंय: ते वाक्य फक्त मलाच का ऐकवलं? ज्या माणसाने हात उचलला त्याला एकदाही कोणी म्हटलं नाही की बाबा, देवाने जोडलेलं तू तोडतो आहेस.

आगाशीची_मावशी

अबोली, माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला ये. व्यक्तिगत निरोपात पत्ता देते.

वकीलबाई_पुणे

अबोली, तुम्ही योग्य केलंत. थोडी माहिती देते, कारण या बाबतीत आपल्या समाजात खूप गैरसमज आहेत, आणि भोचक_भाट यांच्या प्रश्नालाही उत्तर मिळेल.

आधी चर्चचं. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही हे खरं. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं वैध आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न कोणतीही मानवी सत्ता तोडू शकत नाही, असं धर्मसंहितेचं कलम ११४१ म्हणतं. पण त्याच संहितेत ११५३ वं कलम आहे: जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका निर्माण करत असेल, तर वेगळं राहण्याचा अधिकार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात त्याही पुढे जाऊन लिहिलं की कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं. अबोलींना परत पाठवणाऱ्यांनी चर्चची शिकवण सांगितली नाही, आपल्या इभ्रतीची काळजी सांगितली.

दुसरं, चर्चच्या न्यायमंडळाकडून लग्न रद्द ठरवून मिळतं, त्याला लोक 'चर्चचा घटस्फोट' म्हणतात. तसं ते नाही. लग्नाच्या दिवशीच खरी संमती नव्हती, म्हणजे जबरदस्ती, फसवणूक, किंवा लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमताच नसणं, हे सिद्ध झालं तर ते लग्न मुळात बांधलंच गेलं नव्हतं असा तो निर्वाळा असतो. कॅथलिक समजुतीप्रमाणे लग्न फादर लावत नाहीत. नवरा-नवरी एकमेकांना संमती देऊन तो संस्कार घडवतात, फादर चर्चच्या वतीने ती संमती विचारून घेतात. म्हणून सगळा भर संमतीवर. अशा लग्नातली मुलं अनौरस ठरत नाहीत, ही भीती अनेक बायकांना अडवते म्हणून मुद्दाम सांगते. २०१५ साली ही प्रक्रिया सोपी झाली. आधी दोन न्यायमंडळांचे सारखे निकाल लागायचे, ती अट गेली.

पण हा निर्वाळा देशाच्या कायद्यात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट सांगितलंय. चर्चने रद्द ठरवलं म्हणून दिवाणी न्यायालयात न जाता दुसरं लग्न केलेले लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांना समजावताना माझी दमछाक होते.

कायद्याचं थोडक्यात: आपल्याला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. २००१ पर्यंत त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही दाखवावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. परस्परसंमतीचा घटस्फोटही तेव्हाच आला, म्हणजे हिंदू विवाह कायद्यात तो आल्यावर पंचवीस वर्षांनी. त्याला आपल्याकडे दोन वर्षं वेगळं राहण्याची अट घातली, हिंदूंना एक वर्षाची. का, ते विचारू नका. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एक वर्ष अशी वाचावी म्हटलंय. तुमच्या प्रकरणात काय लागू होईल ते आपापल्या वकिलाला विचारा. आणि घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे.

भोचक_भाट

धन्यवाद वकीलबाई. माझा विनोद मागे घेतो.

एक मात्र कळलं नाही. प्रोटेस्टंटांचं काय? तेही 'तोडू नये'वालेच ना?

नगरी_मास्तर

आमच्याकडे लग्न हा संस्कार म्हणून मोजत नाहीत. आमचे संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न हा देवासमोर केलेला पवित्र करार. मलाखी संदेष्टा बायकोला "तुझ्या कराराची पत्नी" म्हणतो आणि पुढे देवाच्या तोंडी "मला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे" असंही घालतो. तरी मत्तयात 'जारकर्माच्या कारणावाचून' असा अपवाद आहे, त्यावरून बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या अगदीच नाइलाज झाला तर घटस्फोट मान्य करतात.

पण अबोलीताईंनी विचारलं त्याबद्दल बोलायचंय. ते वाक्य येशूने कोणाला ऐकवलं हे मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात नीट पाहावं. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी) येऊन विचारतात, कोणत्याही कारणावरून बायकोला टाकावं का? त्या काळी शम्मय आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या शिष्यांत हा वाद जोरात होता. हिल्लेलच्या पंथाचं मत होतं की बायकोने जेवण बिघडवलं तरी सूटपत्र (सोडचिठ्ठी) द्यायला हरकत नाही. बायकोला असा उलट अधिकार नव्हता. म्हणजे समोर उभे होते सूटपत्र लिहू शकणारे पुरुष, आणि त्यांना येशू म्हणाला, देवाने जोडलंय ते तुम्ही तोडू नका. ऐकून शिष्यसुद्धा गडबडले, असं असेल तर लग्न न केलेलं बरं म्हणाले! जे वाक्य बाईला घराबाहेर काढणाऱ्याला अडवायला सांगितलं, तेच आपण तिला मारणाऱ्याच्या घरात कोंडायला वापरलं. अबोलीताई, तुम्हाला परत पाठवणाऱ्यांत माझ्यासारखा एखादा मास्तरही बसलेला असेल. मी स्वतः अशा दोन बैठकांना बसलोय. तेव्हा गप्प होतो.

अबोली_सात

मास्तर, हे तुम्ही लिहिलंत. बरं वाटलं.

ठाण्याचा_ठोंब्या

विषय गंभीर झालाय, तरी विचारतो. दोघांची श्रद्धा वेगळी असेल तर? माझी बायको हिंदू, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न. नातेवाईक म्हणतात हे ख्रिस्ती लग्नच नव्हे.

नगरी_मास्तर

ठोंबेसाहेब, यावर आमच्या नगर जिल्ह्यात राहून गेलेल्या जोडप्याचं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. घरच्यांचं रडणं, समाजाचा बहिष्कार, पुढे कित्येक वर्षांची ताटातूट. त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता (तो पुढेही फार वर्षं कायम होता): धर्मांतर केलेल्या माणसाला जोडीदाराने त्या कारणावरून टाकलं, तर कोर्टात जाऊन लग्न मोडता येई. टिळकांना दुसरी बायको करायचा मार्ग इंग्रज सरकारने कागदावर मोकळा ठेवला होता. ते त्या वाटेला गेले नाहीत. वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही ख्रिस्ती होऊन नव्हे. नवऱ्याजवळ राहिल्या, आपलं सोवळंओवळं आपल्या गतीने सोडलं, आणि मग स्वतःच्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला. सगळं त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय, नवऱ्याच्या विक्षिप्तपणासकट. टिळक काही आदर्श संसारी नव्हते. घरातला पैसा भलत्यालाच देऊन टाकायचे, आज सांगून उद्या गाव बदलायचे. आजच्या भाषेत बायकोला विश्वासात घेत नव्हते. तरीही ते लग्न तुटलं नाही, कारण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला जिंकून घ्यायला बसलं नव्हतं.

पौल करिंथकरांना हेच लिहितो: विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत राहायला राजी असेल तर तिला सोडू नये, आणि ती वेगळी व्हायचं म्हणत असेल तर होऊ द्यावं, अशा प्रसंगी बंधू किंवा बहीण बांधलेली नाही.

माझं म्हणाल तर माझी बायको शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होती, अर्धांगाने. लग्नातलं वचन मला तोंडपाठ होतं, पाळकसाहेबांच्या मागून खणखणीत म्हटलं होतं. 'आजारपणात' हा शब्द त्यात आहे हे तिला पहिल्यांदा आंघोळ घालताना कळलं. पहिले सहा महिने मी चिडचिडच केली. तिला बोलता येत नसे, डोळे मिटून घ्यायची. यापुढचं लिहीत नाही.

ठाण्याचा_ठोंब्या

काका, नमस्कार तुम्हाला. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मास्तर जेवतात कुठे?

नगरी_मास्तर

लेकीकडे. भाकरी कडक करते, बाकी ठीक. :)

केळीची_बाग

मंडळी, चार दिवस गायब होते, माफ करा. सगळा धागा त्याला पाठवला. आधी भडकला. आपल्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर का मांडल्यास, वगैरे. दीड दिवस फोन नाही. (सूर्य दोनदा मावळला, मावशी.) मग मास्तरांनी बायकोबद्दल लिहिलेलं वाचलं असावं, कारण नंतरचा फोन वेगळ्याच आवाजातला होता.

रविवारी आम्ही दोघं नगरला गेलो. त्याने आईला मला समोर बसवून विचारलं, लग्नानंतर तुला काय हवंय? आठ महिन्यांत हे पहिल्यांदा विचारलं गेलं, आणि त्यात माझीही चूक आहे, मीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचंय, तेव्हा तीन-चार महिने येईन. कायमचं नाही. इथे माझं महिला मंडळ आहे, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी आहेत, तुमच्या त्या खुराड्यात मी काय करू? तो जरा दुखावलाच. सगळं सुटलंय असं नाही. तीन-चार महिन्यांचे सहा होतील असं मला वाटतं, आणि पडद्यांचा रंग त्यांनाच विचारून आणला गेलाय, मोरपंखी. मला आवडत नाही. पैशांचं मात्र ठरलं, दोघांचं एक खातं, आईंना त्यातून दरमहा, मावशींसारखं माझ्या हाताने.

आता एक नवीनच. लग्नाच्या विधीसाठी वाचन निवडायचंय. फादरांनी यादी दिली. तोबितमधली तोबिया आणि सारा यांची पहिल्या रात्रीची प्रार्थना मला फार आवडते, पण त्यांच्या बायबलमध्ये तोबितचं पुस्तकच नाही. मग त्यानेच रूथ सुचवली: तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक.

नगरी_मास्तर

उत्तम निवड. फक्त ते वाक्य रूथ नवऱ्याला म्हणत नाही, हे दोघांना माहीत आहे ना? ती ते सासूला म्हणते, नामीला. आणि रूथ नामीला बिलगून राहिली तिथे मूळ हिब्रू क्रियापद 'दावाक' आहे. उत्पत्तीत पुरुष 'आपल्या स्त्रीशी जडून राहील', तिथलंही तेच.

केळीची_बाग

माहीत नव्हतं! त्याला आत्ता फोन करून सांगितलं, तो दोन मिनिटं हसत होता. मग म्हणाला, तर ते वाचन आईच करेल.

सासूबाई तयार आहेत. फादर म्हणाले, प्रोटेस्टंट वाचक आणि यादीबाहेरचं वाचन, दोन्ही एकदम... बिशप हाऊसला विचारून सांगतो.